पाथरी, परवरदिगार आणि विजेची गिटार

जानेवारी २०२० मध्ये आमचं पाथरी आठवडाभर सगळ्या वाहिन्यांवर होतं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये जाहीर केले, त्यावरून शिर्डीकर चिडले आणि १९ जानेवारीला शिर्डी बंद राहिली. चर्चेला बसलेले लोक बाबा भुसारींच्या घरातले की आणखी कुठले, ब्राह्मण की मुसलमान, यावर तावातावाने बोलत होते. मशिदीत राहिलेल्या आणि ज्याच्या तोंडी कायम 'अल्ला मालिक' असे त्या माणसाची जात शोधायला इतकी माणसं लागली, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. जन्मस्थानाच्या त्या वादात मी पडत नाही. त्याच बाबांच्या तोंडून निघालेला एक शब्द कुठवर गेला, एवढंच आज सांगतो. तो शब्द आपल्या घरांत रोज ऐकू येतो. परवरदिगार.

हा शब्द आधी पुण्यातल्या एका इराणी पोराच्या वाट्याला आला. मेरवान शेरियार इराणी, जन्म १८९४. पुण्याच्या कॅम्पात एका कडुलिंबाखाली हजरत बाबाजान नावाच्या वृद्ध फकीर बसत. त्या पठाण होत्या, १९३१ मध्ये वारल्या, त्यांची मजार तिथेच आहे. १९१३ मध्ये बाबाजाननी या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्याचं आयुष्य बदललं, असं त्यांचे भक्त मानतात. पुढे डिसेंबर १९१५ मध्ये मेरवान शिर्डीला गेला, तेव्हा साईबाबांनी त्याच्याकडे पाहून मोठ्याने 'परवरदिगार' अशी हाक दिली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. हाच मेरवान म्हणजे मेहेरबाबा. १० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांची समाधी अहमदनगरजवळ (आता अहिल्यानगर) अरणगावच्या मेहेराबादला आहे. जाता जाता सांगतो, नगरचं आणि पाथरीचं नातं त्याहून जुनं आहे. निजामशाही स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असं फेरिश्ता लिहून गेलाय. आमच्या गावचे लोक पूर्वीपासून नगरकडे सरकत आलेत म्हणायचे.

आता इथून थेट लंडनला जायचंय.

पीट टाउनशेंड हा 'द हू' या इंग्लिश बँडचा गिटारवादक. हा मनुष्य मुळात चित्रकला शिकणारा. त्याच्या कॉलेजात गुस्ताव मेट्झगर नावाच्या कलावंताचं व्याख्यान झालं होतं. स्वतःला नष्ट करणारी कला, असा त्याचा विषय. टाउनशेंडने तो धडा गिटारवर गिरवला. तो मंचावर गिटार आपटून फोडायचा, म्हणून लोक त्याला ओळखतात. मला त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. विजेच्या गिटारचा आवाज ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो. गिटार त्याच ध्वनिवर्धकासमोर धरली तर तो आवाज पुन्हा तारांत शिरतो, पुन्हा बाहेर येतो आणि एक न संपणारा हंबरडा सुरू होतो. मशिदीच्या भोंग्याजवळ माइक नेला की जी शीळ उठते आणि सगळे कानावर हात ठेवतात, तीच ही. तोवर हा बिघाड समजला जाई. टाउनशेंडने १९६५ च्या 'एनीवे, एनीहाउ, एनीव्हेअर' या तबकडीत तो मुद्दाम वाजवला. अमेरिकेतल्या कंपनीला वाटलं की तबकडी खराब निघाली आणि त्यांनी ती परत पाठवली, अशी हकीकत सांगतात. दोनच वर्षांनी, जून १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात टाउनशेंडने गिटार फोडली आणि त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने आपली पेटवली. तोवर बिघाडाचं वाद्य झालेलं होतं.

टाउनशेंड त्याच सुमारास मेहेरबाबांच्या मार्गाला लागला. 'टॉमी' या १९६९ च्या तबकडीवर बाबांचं नाव छापलेलं आहे. १९७२ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने 'हू केम फर्स्ट' काढली, तिच्यात एका गाण्याचं नावच 'परवरदिगार' आहे. मेहेरबाबांनी सांगितलेल्या प्रार्थनेवर त्याने ते बेतलं. आपल्या नानी-दादी ज्या शब्दाने दुआ संपवतात तो शब्द लंडनचा एक गोरा मुलगा गिटार घेऊन गातोय. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उच्चार चुकतोय का, याकडेच माझं लक्ष होतं. चुकतो थोडा. माफ आहे.

पण 'परवरदिगार' हे गाणं शांत आहे, त्यात नवं काही घडत नाही. जे घडलं ते वर्षभर आधी, ऑगस्ट १९७१ मध्ये आलेल्या 'बाबा ओ'रायली' या गाण्यात. त्याच्या सुरुवातीला ऑर्गनवर एकच छोटी फिरकी परत परत येत राहते, खालचा सूर हलत नाही, आणि बऱ्याच वेळाने गिटार येऊन त्यावर कोसळते. नावातले 'बाबा' म्हणजे आपले मेहेराबादचे. आणि 'रायली' म्हणजे टेरी रायली, कॅलिफोर्नियाचा संगीतकार, ज्याच्या रचनांवरून टाउनशेंडने ही फिरकी उचलली. या रायलीने १९७० मध्ये एका हिंदुस्थानी गवयाचं शिष्यत्व पत्करलं होतं. त्या गवयाचे उस्ताद होते अब्दुल वहीद खाँ. म्हणजे एका रॉक गाण्याच्या छोट्याशा नावात एका बाजूने पुणे-शिर्डी आहे आणि दुसऱ्या बाजूने किराणा घराणं. टाउनशेंडने हे जुळवून आणलेलं नव्हतं. जुळलं.

किराणा हे गाव उत्तर प्रदेशातलं, पण घराणं वाढलं ते आपल्याकडे. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच दफन आहेत; त्यांच्या नावाने आजही उर्साच्या वेळी तिथे गाणं होतं. त्यांचे नात्यातले भाऊ अब्दुल वहीद खाँ. ऐकायला कमी यायचं म्हणून लोक त्यांना बहरे वहीद खाँ म्हणत. त्यांची तालीम कोल्हापुरात झाली. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने या अब्दुल करीम खाँच्या मुलांना त्यांनी शिकवलं, आणि उस्ताद अमीर खाँच्या संथ गायकीवर त्यांची दाट छाया आहे. वहीद खाँचा एकेक स्वर तासभर चाले. षड्जावरच इतका वेळ राहायचं की ऐकणाऱ्याला तो आतून दिसू लागावा. ध्वनिमुद्रणाशी त्यांचं पटलं नाही; पटदीप, मुलतानी, दरबारी अशी मोजकी रेडिओची मुद्रणं मागे उरली. १९४९ मध्ये ते गेले.

लाहोरच्या एका हिंदू घरातला प्राणनाथ नावाचा मुलगा तेराव्या वर्षी गाण्यासाठी घराबाहेर पडला आणि वहीद खाँच्या सेवेत सुमारे वीस वर्षं राहिला. सेवा म्हणजे खरोखरची सेवा, पाणी भरण्यापासून. त्यानंतर काही वर्षं तो डेहराडूनजवळ टपकेश्वरच्या गुहेत फक्त तानपुरा घेऊन राहिला. पंडित प्राणनाथ दिल्ली विद्यापीठात शिकवत, पण दिल्लीच्या रसिकांना ते फारसे रुचले नाहीत. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ज्यांनी त्यांच्यापुढे मांडी घातली त्यांत रायली होता, ला माँट यंग होता, आणि पुढे ऱ्हीस चॅटम नावाचा एक पोरगेला पियानो जुळवणारा होता. ही दोन नावं लक्षात ठेवा.

मात्र कालक्रम नीट पाहायला हवा, कारण आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना 'सगळं आपल्याकडूनच गेलं' अशी घाई होते. यंगने हिंदुस्थानी संगीत प्राणनाथांच्या किती तरी आधी ऐकलं होतं, तेही तबकडीवर. १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँ अमेरिकेला गेले, तेव्हा तिथे त्यांची एक लाँग प्ले निघाली. सरोदवर ते, तबल्यावर चतुरलाल, तानपुऱ्यावर शिरीष गोर. पुढे यंगने सांगितलं की त्याला धरून ठेवलं ते तानपुऱ्याने. सरोद कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक. तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, हे आपल्या मैफलीतही कुणी विचारत नाही. यंग हेही सांगतो की लहानपणी ओक्साबोक्शी वारा वाहणाऱ्या लाकडी घराचा आणि विजेच्या रोहित्राचा घुमणारा आवाज त्याच्या कानात बसला होता. धरलेला सूर सगळ्या जगात आहे, स्कॉटलंडच्या मशकबाजात आहे, आपल्या सनईमागच्या सुरात आहे. एका देशाचा त्यावर सातबारा नाही.

१९६३ च्या आसपास यंगने न्यूयॉर्कमध्ये चार-पाच जणांचा गट जमवला. त्यात टोनी काँरॅड व्हायोलिनवर आणि जॉन केल व्हिओलावर. हे लोक तासन्‌तास दोन-तीनच सूर धरून बसत, आणि मूळ सूर कोणता घ्यायचा तर भिंतीतल्या विजेचा जो घूं आवाज येतो तो. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, त्यावर त्यांनी आपला षड्ज लावला. (आपल्याकडे ती ५० ची. उन्हाळ्यात पाथरीत हा प्रयोग करायचा म्हटला तर षड्ज दिवसातून चार-पाच वेळा निघून जाईल.) केलने व्हिओलाची घोडी घासून सपाट केली, म्हणजे गज एकाच वेळी तीन तारांवर पडावा, आणि वर गिटारच्या तारा चढवल्या. आवाज जेट विमानासारखा झाला.

याच केलला १९६४ मध्ये एका फुटकळ नाचगाण्यासाठी कुणीतरी बोलावलं. गाण्याचं नाव 'द ऑस्ट्रिच', लिहिणारा लू रीड. रीडने गिटारच्या सहाही तारा एकाच स्वरात लावून ठेवल्या होत्या. केल आणि काँरॅड थक्क झाले, कारण आपण महिनोन्‌महिने कसून जे करतो तेच या पोराने एका टुकार गाण्यासाठी करून ठेवलंय. तानपुऱ्याच्या चार तारांपैकी तीन षड्जातच लागतात, हे आपल्याला सांगायला नको. केल आणि रीड एकत्र आले आणि 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' हा बँड झाला. मार्च १९६७ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीतलं 'व्हीनस इन फर्स' ऐका. व्हिओलाचा धरलेला सूर आणि एकाच स्वरात लावलेली गिटार, दोन्ही त्यात आहेत. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. पण पुढच्या दहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत ज्यांनी बँड काढले त्यांतल्या अनेकांच्या घरी ती होती.

इथे थोडं मिरजेला परतू, कारण तानपुरा म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुढचं गिटारचं काम कळणार नाही. मिरजेत तानपुरा-सतार करणारी घराणी शिकलगारांची. तलवारींना धार लावणं हा यांचा मूळ धंदा. एकोणिसाव्या शतकात तलवारी म्यानात गेल्या आणि फरीदसाहेब शिकलगारांनी पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यं करायला घेतली. पुढे त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. या कामात सगळ्यात नाजूक भाग जवारीचा. घोडीचा माथा किंचित गोलसर घासायचा आणि तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. मग तार छेडली की ती घोडीवर हलकेच खरडत जाते आणि एका स्वरातून वरचे सगळे स्वर एकेक करून सुटत राहतात. नीट लागलेल्या तानपुऱ्यात न वाजवलेला गंधार ऐकू येतो तो यामुळे. तो काढायला कुठलं यंत्र नाही, कारागिराचा कान आणि कानस, एवढंच.

विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाटका केला, खूप मोठा केला, की तिथेही हेच होतं. मूळ स्वर मागे पडतो आणि वरचे स्वर पुढे येतात. हे ज्याने नीट ओळखलं तो ऱ्हीस चॅटम, प्राणनाथांचा आणि यंगचा शिष्य. १९७६ मध्ये तो सीबीजीबी नावाच्या कळकट बारमध्ये 'रामोन्स' ऐकायला गेला. तीन स्वरसमूह, प्रचंड वेग, प्रचंड आवाज. त्याच्या डोक्यात आलं की यांना तीन लागतात, मला एकच पुरे. १९७७ मध्ये त्याने 'गिटार ट्रिओ' बांधलं: काही गिटारी, ढोल, आणि जवळजवळ सगळी रचना एकाच स्वरसमूहावर. ऐकताना वाटतं, कुणीतरी वरती धून वाजवतंय. कुणीच वाजवत नसतं. ती जवारी आहे. वहीद खाँ एका षड्जातून जे काढायचे ते पंक पोरांच्या वाद्यातून निघालं, आणि मधली सगळी माणसं नावानिशी माहीत आहेत. प्रभावाच्या गोष्टी पुष्कळदा हवेतल्या असतात. ही तशी नाही.

चॅटमच्या त्या गटात ग्लेन ब्रँका वाजवायचा. त्याने पुढे स्वतःची वाट काढली: 'लेसन नंबर वन' १९८० मध्ये, 'द असेन्शन' १९८१ मध्ये. एकेका गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वराच्या, अशा कित्येक गिटारी एकत्र, आणि आवाज इतका की भिंती थरथराव्यात. १९८२ मध्ये शिकागोत जॉन केजने हे ऐकलं. ज्या केजने शांततेलाही संगीत म्हटलं त्यालाही हे सहन झालं नाही. यात मला फॅसिझम दिसतो, अशा अर्थाचं तो बोलला. मला केजचं हे म्हणणं पटत नाही, पण कळतं. एकाच सुरात शंभर माणसं उभी केली की त्यात इबादतही असू शकते आणि कवायतही. ब्रँकाने जून २००१ मध्ये खरोखरच शंभर गिटारींची सिंफनी वाजवली, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी. तीन महिन्यांनी ते मनोरे राहिले नाहीत, आणि त्यानंतर आपल्यासारख्या नावांच्या माणसांचं विमानतळावर काय होऊ लागलं ते सगळे जाणतात.

ब्रँकाच्या गटात ली रानाल्डो आणि थर्स्टन मूर हे दोन तरुण वाजवत. त्यांचा बँड म्हणजे 'सॉनिक यूथ', स्थापना १९८१, पहिल्या तबकड्या ब्रँकाच्याच कंपनीतून. स्वस्तातल्या जुन्या गिटारी घ्यायच्या आणि प्रत्येकीच्या तारा आपल्या मनाने लावायच्या, ही त्यांची पद्धत. प्रत्येक गाण्याला वेगळी गिटार लागे. १९८८ च्या 'डेड्रीम नेशन'पर्यंत त्यांनी ब्रँकाच्या गडगडाटाला गाण्याच्या मापात बसवलं होतं. ब्रँकाकडेच वाजवलेल्या पेज हॅमिल्टनने 'हेल्मेट' काढला. १९९० मध्ये सॉनिक यूथ मोठ्या कंपनीकडे गेला आणि त्याच कंपनीत आपल्या ओळखीचा एक गरीब बँड घेऊन आला: 'निर्वाणा'. सप्टेंबर १९९१ मध्ये 'नेव्हरमाइंड' आली. पुढे ती औरंगाबादच्या आमच्या वसतिगृहातही कॅसेटवर पोचली. खोलीत आम्ही चौघं, तिघांना ती अजिबात आवडली नव्हती. निर्वाणाची गाणी साधी, चालीची; ब्रँकाचा सूर त्यांत शोधला तर सापडणार नाही. पण ज्या दारातून ते आले ते दार सॉनिक यूथने उघडलेलं होतं.

संगीत जायज की नाजायज, यावर आपल्यात पुष्कळ लिहिलं जातं. मी तो वाद इथे काढत नाही. मला बोचतं ते वेगळं. यंगच्या त्या जुन्या गटाच्या ध्वनिफिती यंगने स्वतःकडे ठेवल्या. त्या रचना माझ्या, असं त्याचं म्हणणं. काँरॅड आणि केल म्हणत की त्या सगळ्यांच्या आहेत. भांडण इतकं चिघळलं की १९९० मध्ये बफेलो शहरात यंगच्या मैफलीबाहेर काँरॅड फलक घेऊन उभा राहिला. धरून ठेवलेल्या दोन-तीन सुरांच्या मालकीसाठी! तंट्यात दोन्ही बाजूंना पाश्चात्त्य माणसं होती. ज्या तबकडीवरून यंगने तानपुरा ऐकला तिच्यावरच्या तानपुरावाल्याचा, किंवा घोडी घासणाऱ्या कुठल्या शिकलगाराचा हक्क कुणी सांगितला नाही, आणि सांगायला गेलेही कोण असते?

यंगशी अन्याय नको. त्याने प्राणनाथांना आपल्या घरात ठेवलं, वर्षानुवर्षं त्यांचा चहा-पाणी केला आणि उस्ताद वहीद खाँचं नाव घेतल्याशिवाय तो गुरूंविषयी बोलत नाही. नावं गळाली ती पुढच्या टप्प्यावर. रॉकचे इतिहास बहुधा व्हेल्व्हेट अंडरग्राउंडपासून सुरू होतात, फार तर यंगपर्यंत मागे जातात. प्राणनाथ एखाद्या तळटिपेत, उस्ताद तिथेही नाहीत. आणि आपल्याकडे तरी काय? हिराबाईंना ज्यांनी शिकवलं ते वहीद खाँ, हे महाराष्ट्रातल्या किती घरांत माहीत आहे?

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रात कारागिरांचे फोटो होते, नावंही होती. आता ज्यांना हा सगळा प्रवास कानाने करायचाय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी वहीद खाँचा दरबारी, रात्री, खरखरीसकट. मग 'व्हीनस इन फर्स'. मग चॅटमचं 'गिटार ट्रिओ', आवाज मोठा ठेवून, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन. त्यानंतर पुन्हा दरबारी लावा, आणि या वेळी मागच्या तानपुऱ्याकडे कान द्या.